अंगावरची राखण : काळ्या मण्यापासून स्वस्तिकापर्यंत



आपल्याकडे बारसे झाले की दोन-तीन महिन्यांनी एक वाद हमखास उभा राहतो. आजी-आजोबा भारतातून येताना बाळासाठी मनगट्या, वाळे, करगोटा आणि एखादा ताईत घेऊन येतात. बारशाला सगळे अंगावर चढते, फोटो निघतात, ते पुण्या-नागपूरला पाठवले जातात. मग बाळ डेकेअरला जायला लागते आणि पहिल्याच आठवड्यात तिथली शिक्षिका नम्रपणे सांगते, हे सगळे काढून पाठवा. आजी म्हणते, बाळाच्या अंगावर काळे काहीतरी हवेच. सून म्हणते, नियम म्हणजे नियम. मुलगा लॅपटॉप उघडून बसतो.

हा वाद इतक्या घरांत ऐकला की म्हटले, हे दागिने नेमके कशापासून राखण करतात आणि अमेरिकेत राहताना त्यातले काय जपावे, काय पेटीतच ठेवावे, हे एकदा लिहून काढावे. मी या विषयातला पंडित नाही, दिवसभर सर्व्हर सांभाळणारा माणूस आहे. पण एखादी गोष्ट "कशासाठी" केली हे कळल्याशिवाय चैन पडत नाही, ही इंजिनिअरिंगची जुनी खोड.

सुरुवात दृष्टीपासून करू. आपल्या समजुतीत दृष्ट फक्त वैऱ्याची लागते असे नाही. ती कौतुकाने पाहणाऱ्याची लागते, शेजारणीची लागते, खुद्द आईचीसुद्धा लागते. म्हणजे धोका द्वेषापेक्षा कौतुकात आहे. फार गोड, फार पूर्ण, फार सुंदर दिसणारी वस्तू नजरेत भरते, आणि भरू नये म्हणून तिच्यात मुद्दाम एक उणे ठेवायचे. बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका लावायचा तो याच हिशेबाने. गंमत बघा, आज वर्तमानपत्रात "मिरवणुकीला गालबोट" असे छापून येते तेव्हा आपण वाईट अर्थ घेतो. मूळचे गालबोट मात्र राखणीचे होते. छोटा डाग आपणच लावून ठेवायचा, म्हणजे मोठा लागत नाही.

काळ्या मण्याचे काम हेच. मनगटीत सोन्याचे मणी आणि काळे मणी आलटून पालटून ओवतात. सोने हे कौतुक, काळा मणी हे गालबोट. पांढरे ठिपके असलेला दृष्टमणी तर सरळ डोळ्यासारखाच दिसतो. डोळ्याला डोळ्याने उत्तर द्यायचे, ही कल्पना फक्त आपली नाही. तुर्कस्तानातला निळा काचेचा डोळा आता इथल्या प्रत्येक मॉलमध्ये मिळतो, आपल्या मुली कॉलेजला जाताना तो हातात घालतात. त्याचे तुर्की नाव "नजर"च आहे. मूळ अरबी शब्द एकच, तो तिकडे गेला तसा फारसीतून आपल्याकडेही आला.

पण अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला जास्त जवळचा नातेवाईक दुसराच आहे. पोर्तोरिको, क्यूबा आणि लॅटिन अमेरिकेतल्या इतर देशांतून आलेल्या कुटुंबांत तान्ह्या बाळाच्या हातात "असाबाचे" घालतात. हा एक काळा चकचकीत दगड असतो, बहुधा सोन्याच्या नाजूक साखळीत आणि सोबत लाल पोवळे. कारण तेच, कौतुकाच्या नजरेने बाळ आजारी पडू नये. काळा मणी, सोने, कधी पोवळे, आणि बाळाचे मनगट. आमच्या आजीने पाहिले असते तर मनगटीच म्हणाली असती. तेव्हा डेकेअरमध्ये किंवा डॉक्टरांकडे कुणी लॅटिन अमेरिकन बाई असेल तर लांबलचक स्पष्टीकरणाची गरज नाही. "हे आमचे असाबाचे" एवढे म्हटले की तिला सगळे कळते. काढून ठेवा असे ती तरीही सांगेल, पण हसून सांगेल.

आता ताईत. हा शब्द अरबी "तावीज"वरून आला आणि त्याच्या मुळाशी आश्रय घेणे हा अर्थ आहे. डबीसारखा किंवा नळीसारखा छोटा दागिना, आत मंत्र लिहिलेला कागद, भूर्जपत्र, अंगारा किंवा पीराच्या दर्ग्यावरून आणलेले काही. महाराष्ट्रात हिंदू घरातल्या मुलाच्या गळ्यात दर्ग्याचा ताईत असणे ही कधीच नवलाची गोष्ट नव्हती. जीव राखायचा म्हटला की आईने दार कुणाचे आहे हे पाहिले नाही. "गळ्यातला ताईत" हा वाक्प्रचार तिथूनच आला.

करगोट्याबद्दल एक छोटी गोष्ट. कमरेचा काळा दोरा घट्ट होऊ लागला की बाळ बाळसे धरते आहे, हे घरातल्या बायकांना वजनकाट्याशिवाय कळायचे. वाळ्यांच्या घुंगरांमुळे रांगणारे मूल कुठल्या खोलीत आहे ते चुलीपाशी बसून समजायचे. म्हणजे यातला काही भाग श्रद्धेचा असला तरी काही भाग सरळ व्यवहाराचा होता. (आमच्या भाषेत मॉनिटरिंग.)

मग डेकेअरचे काय चुकते? माझ्या मते काहीच नाही. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सचा, सल्ला आहे की तान्ह्या बाळाच्या अंगावर दागिना नकोच. दात येताना घालायच्या माळा-ब्रेसलेटबद्दल एफडीएने डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिला. त्यात अठरा महिन्यांचे एक मूल दुपारी झोपेत गळ्यातल्या अंबरच्या माळेने गुदमरून गेल्याची नोंद आहे. माळ अंबरची असो की काळ्या दोऱ्याची, बाळाच्या गळ्याला फरक कळत नाही. आपल्या जुन्या घरात पाळण्याशेजारी कायम कुणीतरी बसलेले असे, आजी, आत्या, मावशी. इथे बाळ स्वतःच्या खोलीत एकटे झोपते आणि आपण कॅमेऱ्यातून बघतो. दागिना तोच आहे, त्याच्या भोवतीची माणसे कमी झाली आहेत. म्हणून गळ्यातले काही नको, मनगट्या आणि घुंगरांचे वाळे कार्यक्रमापुरते, आणि झोपवताना सगळे काढून ठेवायचे. मणी आणि घुंगरू सुटून तोंडात जायला एक क्षण पुरतो.

याहून कमी माहीत असलेली गोष्ट धातूची आहे, आणि हा लेख लिहायला बसलो तो मुख्यतः तिच्यासाठी. २००९ मध्ये न्यूयॉर्क शहरात एका वर्षाच्या मुलाच्या नेहमीच्या तपासणीत रक्तात शिसे वाढलेले आढळले. शोध घेता घेता आरोग्य खात्याची माणसे त्याच्या अंगावरच्या ताइतापर्यंत पोचली. दोऱ्यात ओवलेले धातूचे मणी, कंबोडियातून आणलेले, मुलाच्या रक्षणासाठी तो तीन महिन्यांचा असल्यापासून घातलेले. त्या मण्यांत सुमारे ४५ टक्के शिसे निघाले. मूल ते तोंडात घालत होते. सीडीसीने हे प्रकरण २०११ मध्ये आपल्या साप्ताहिकात छापले. पुढे २०१६ मध्ये कनेटिकटमधल्या एका बाळाच्या रक्तात ४१ मायक्रोग्रॅम शिसे सापडले, आणि कारण होते जत्रेत विकत घेतलेले हातातले ब्रेसलेट. सीडीसीची आजची संदर्भपातळी ३.५ आहे, म्हणजे ४१ किती ते लक्षात येईल.

कंबोडियाचे उदाहरण आपल्याला लागू होत नाही असे वाटत असेल तर "अष्टधातू" या शब्दाची फोड करून बघा. सोने, चांदी, तांबे, जस्त, कथील, लोखंड, शिसे आणि पारा. परंपरेनेच शिसे आणि पारा त्या यादीत आहेत. देवघरातल्या मूर्तीला ते चालते, मूर्ती कुणी चोखत नाही. पण तीर्थक्षेत्राच्या रस्त्यावर घेतलेले अष्टधातूचे कडे किंवा लॉकेट दात येणाऱ्या बाळाच्या हाती देऊ नका. अमेरिकेत लहान मुलांच्या वस्तूंत शिशाची मर्यादा २००८ च्या कायद्याने घातली, ऑगस्ट २०११ पासून ती दहा लाख भागांत १०० भाग आहे. पण तुमच्या सासऱ्यांनी बॅगेत आणलेला ताईत कुणी तपासत नाही. घालायचेच असेल तर खात्रीच्या सराफाकडचे सोने किंवा चांदी. आणि घरात असे काही आधीच वापरात असेल तर घाबरून न जाता डॉक्टरांना सांगा, साधी रक्ताची तपासणी असते. काजळ आणि सुरमा यांचेही तेच. एफडीएने त्यांना रंग म्हणून मान्यता दिलेली नाही आणि अशा नमुन्यांत शिसे सापडलेले आहे. तीट लावायची हौस असेल तर दिव्यावर घरी धरलेल्या काजळाचा ठिपका तळपायाला लावा, डोळ्यात घालू नका.

पेटीत ठेवायच्या, किंबहुना भारतातून आणूच नयेत अशा गोष्टींत पहिले नाव वाघनखाचे. सोन्यात मढवलेले खरे वाघनख अनेक जुन्या घरांत आहे, मुलगा निर्भय व्हावा म्हणून घालत. आजोबांनी प्रेमाने नातवासाठी दिले तरी भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि अमेरिकेत १९७३ च्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याने ते अडचणीत आणते. दोन देशांत ने-आण करणे तर आंतरराष्ट्रीय कराराच्याही विरुद्ध. ऑक्टोबर २०२३ मध्ये बेंगळुरूत एका टीव्ही कार्यक्रमातल्या स्पर्धकाला वाघनखाच्या लॉकेटवरून अटक झाली होती, तीही कार्यक्रम चालू असताना. "पणजोबांचे आहे" हे एअरपोर्टवर सिद्ध करायला कागद लागतात, आणि पणजोबांनी पावती जपून ठेवलेली नसते. हत्तीच्या केसाची अंगठी याच जातीतली, साधी दिसते म्हणून लोक बेफिकीर असतात. (लंडनहून २०२४ मध्ये साताऱ्याला प्रदर्शनासाठी आलेली वाघनखे वेगळी, ते धातूचे शस्त्र.) हौस असेल तर सोनार वाघनखाच्या आकाराचे सोन्याचे पदक घडवून देतो. अर्थ आकारातच आहे, वाघाला त्यासाठी मरायची गरज नाही.

आकारात अर्थ, यावरून कोल्हापुरी साज आठवला. गुजरीत जाऊन साज घेणाऱ्या आपल्या भगिनींना तो "ट्रॅडिशनल लुक" म्हणून माहीत असतो, पण एखाद्या दुपारी तो हातात घेऊन मोजायला बसा. पूर्ण साजाची पाने एकवीस सांगतात. दहा पाने विष्णूच्या दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक आणि पाचूची, आणि एकविसावे डोरल्याचे. मधल्या जवाच्या आकाराच्या मण्यांचाही अर्थ धान्याशी, भरभराटीशी लावतात. मासा, कासव, शंख, चंद्र, कमळ अशी ती पाने ओळखत जाणे हा मुलांसाठी उत्तम खेळ आहे. आमच्या मुलीला दशावतार पुस्तकातून पाठ होईनात, साजावरून दोन दिवसांत झाले. हलक्या वजनाच्या आधुनिक साजात पाने गाळतात, तेव्हा विकत घेताना कोणते अवतार गायब आहेत ते विचारायला हरकत नाही. सोनाराच्या चेहऱ्याकडे बघा फक्त.

डोरल्यावरून मंगळसूत्रावर येऊ. तिथेही काळे मणी आणि सोने, म्हणजे मनगटीचाच हिशेब, फक्त राखण बाळाऐवजी संसाराची. दोन वाट्यांचा अर्थ सासर आणि माहेर असा लावतात, कुणी शिव आणि शक्ती म्हणतात. सप्तपदीइतकेच ते प्राचीन असावे असे आपण धरून चालतो. पण भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात दाखवले आहे की जुन्या गृह्यसूत्रांतल्या विवाहविधीत मंगळसूत्र बांधण्याचा उल्लेख नाही, तो नंतरच्या ग्रंथांत येतो. यात त्याचे महत्त्व कमी होते असे मला वाटत नाही. पण "मंगळसूत्राशिवाय लग्नच नाही" असे कुणी ठासून सांगू लागले तर ही माहिती जवळ असलेली बरी. हातातले मंगळसूत्र चालते का, हा प्रश्न आमच्या पिढीत नेहमीचा. शब्दात "सूत्र" आहे, म्हणजे दोरा. तो कुठे बांधायचा हे ज्याचे त्याने ठरवावे, असे माझे मत आहे, सासूबाईंचे वेगळे असू शकते.

एक प्रसंग मात्र प्रत्येक घरात कधीतरी येतो. एमआरआय किंवा ऑपरेशनच्या आधी नर्स सांगते, अंगावरचा सगळा धातू काढा. भारतातून आलेल्या आई किंवा सासूबाई अशा वेळी अस्वस्थ होतात, आणि आजारपणापेक्षा गळा मोकळा होण्याची भीती त्यांना जास्त असते. आपल्या भाषेतच बघा ना, मंगळसूत्र तुटले असे म्हणत नाहीत, "वाढले" म्हणतात. बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. अशा वेळी जुना उपाय उपयोगी पडतो. हळदीने पिवळा केलेला सुती दोरा घ्यायचा, त्यात हळकुंड बांधायचे आणि मंगळसूत्राऐवजी तो गळ्यात घालायचा. धातू नाही, आणि मूळ "सूत्र" तेच. नर्सला आधी दाखवून विचारा, तिने तोही काढायला सांगितला तर मनगटाला बांधता येईल का किंवा जवळच्या माणसाच्या हातात देता येईल का तेही विचारा. दोन मिनिटांच्या या बोलण्याने आईचा रक्तदाब वीस अंकांनी खाली येतो, हे शास्त्रीय विधान नाही, पण ज्यांनी केले त्यांना विचारा.

राखणीच्या चिन्हाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जे चिन्ह नवऱ्याचे आयुष्य राखते असे मानतात, ते नवरा गेल्यावर बाईच्या अंगावरून ओरबाडून काढले जाते, जणू राखण करण्यात तिची कसूर झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव करून ही प्रथा बंद केली. कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे, सगळे. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायचे आवाहन केले. अमेरिकेत अशी प्रथा कुणी पाळत नाही असे म्हणणे सोपे आहे. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भारतातून आलेली, नुकतेच वडील गेलेली एखाद्याची आई कोपऱ्यात बसलेली असते आणि तिच्यापर्यंत तबक पोचत नाही, हे मी एकदा नव्हे, तीनदा पाहिले आहे. हेरवाडची लोकसंख्या आपल्या मेट्रो एरियातल्या एका उपनगराइतकीही नाही, आणि तिथे ते जमले.

आता शेवटचे आणि सगळ्यात नाजूक चिन्ह, स्वस्तिक. सु आणि अस्ति, म्हणजे चांगले असो. उंबरठ्यावर, चोपड्यावर, कलशावर आणि सोन्याच्या छोट्या पदकात ते राखण करते. इथे मात्र समोरचा माणूस त्यात साठ लाख ज्यूंची हत्या पाहतो. त्याच्या आजोळची माणसे त्यात गेली असू शकतात, तेव्हा "आमचे पाच हजार वर्षांचे आहे" हे उत्तर बरोबर असले तरी पुरेसे नाही.

याच देशात हा पेच आपल्या आधी कुणीतरी सोसला आहे. नवाहो लोकांच्या चांदीच्या दागिन्यांत, गालिच्यांत "फिरता ओंडका" नावाचे स्वस्तिकासारखेच मंगलचिन्ह होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नैऋत्येकडे जाणारे प्रवासी तसे दागिने हौसेने विकत घेत. ओक्लाहोमाच्या ४५ व्या इन्फंट्री डिव्हिजनच्या बाहीवरही, तिथल्या मूळ रहिवाशांच्या मानार्थ, स्वस्तिकच होते. १९३९ मध्ये त्या जागी थंडरबर्ड पक्षी आला. फेब्रुवारी १९४० मध्ये अॅरिझोनात नवाहो, होपी, अपाची आणि पापागो या चार जमातींच्या प्रतिनिधींनी एका जाहीरनाम्यावर सह्या करून हे चिन्ह आपल्या कलेतून काढून टाकले. चिन्ह त्यांचे होते, गुन्हा दुसऱ्याचा होता, आणि सोडावे त्यांना लागले.

आपल्यावर तशी वेळ आलेली नाही. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करताना नाझींच्या चिन्हाला "हाकेनक्रॉइझ" हे त्याचे जर्मन नाव जोडले आणि हिंदू, बौद्ध, जैन यांच्या स्वस्तिकाला त्यातून वेगळे काढले. ओळखायची खूण म्हणून सांगतात की त्यांचे तिरपे आणि लाल-पांढऱ्यावर काळे, आपले सरळ आणि चार ठिपक्यांचे. पण ही खूण दरवेळी लागू पडत नाही, नाझींनीही सरळ काढलेले आहे आणि आपणही ठिपके नेहमी देत नाही. स्कूल बसमध्ये हा फरक समजावून सांगायला आठ वर्षांच्या मुलीजवळ अर्धे मिनिटही नसते. म्हणून माझे स्पष्ट मत, स्वस्तिकाचे पदक लहान मुलांना शाळेत घालून पाठवू नका. ॐ आहे, गणपती आहे, लक्ष्मीची पावले आहेत, राखणीला कमतरता नाही. हायस्कूलमध्ये गेल्यावर स्वतःला सांगता येऊ लागले की मुलगी स्वतः ठरवेल. याला कुणी माघार म्हणेल. मला ती आठ वर्षांच्या मुलीवर हजारो वर्षांचा इतिहास न लादण्याची गोष्ट वाटते.

दारापुढच्या रांगोळीचे मात्र वेगळे. घर आपले, माणसे मोठी. दिवाळीला स्वस्तिक काढणार असाल तर शेजाऱ्यांकडे फराळ द्यायला आपण जातोच, ते एक दिवस आधी जा. चकलीची बशी हातात देताना सांगा की उद्या आमच्या दारात एक जुने चिन्ह दिसेल, संस्कृतमध्ये त्याचा अर्थ "चांगले असो" असा आहे, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या चिन्हाने जगात काय केले ते आम्हाला माहीत आहे. आणि काही विचारायचे असेल तर आत येऊन चहा घ्या म्हणा.